प्लुटोनियम २३९ आणि २४०: एका न्यूट्रॉनने एवढा फरक कसा पडतो?

रेणुका_ठाणे (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. विखंडन म्हटलं की मुलांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं: बाहेरून न्यूट्रॉन आला, युरेनियम २३५ वर आदळला, केंद्रक फुटलं. पण जड केंद्रकं कोणी न आदळताही फुटतात. त्याबद्दल वर्गात नीट सांगायचं म्हणून आकडे गोळा करायला बसले आणि एका जागी अडकले.

अल्फा क्षय (केंद्रकाने छोटा अल्फा कण बाहेर टाकणं) तूर्त बाजूला ठेवू. फक्त या आपोआप फुटण्याचं, म्हणजे उत्स्फूर्त विखंडनाचं अर्धायुष्य (निम्मी केंद्रकं फुटायला लागणारा काळ) बघा. युरेनियम २३८ चं साधारण ८ वर १५ शून्यं इतकी वर्षं. प्लुटोनियम २३९ चंही जवळपास तेवढंच. आणि प्लुटोनियम २४० चं? सुमारे ११,४०० कोटी वर्षं. म्हणजे २३९ पेक्षा सत्तर हजार पट घाई!

प्रोटॉन दोन्हीकडे ९४ च, न्यूट्रॉन फक्त एक जास्त. अल्फा क्षयात हे दोघे एवढे लांब नाहीत, २४,१०० वर्षं आणि ६,५६० वर्षं, म्हणजे जेमतेम चौपटीचा फरक. बरं, केंद्रक फुटायला किती उतावीळ आहे हे बघायला प्रोटॉनसंख्येचा वर्ग भागिले वस्तुमानांक असं गुणोत्तर काढतात. ते २३९ साठी ३६.९७ येतं आणि २४० साठी ३६.८२. या हिशोबाने २४० च थोडा जास्त टिकायला हवा. होतं नेमकं उलट.

एका न्यूट्रॉनने एवढी उलथापालथ कशी होते? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. मला हे मुलांपर्यंत पोचवायचं आहे.


चिकू_पुणे | सोमवार, रात्री ९:३१

पहिला! उत्तर माहीत नाही, पण ११,४०० कोटी वर्षांना "घाई" म्हणणारा धागा पहिल्यांदाच बघितला. आमच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं काम याच अर्धायुष्याने चाललंय. :)

बसलोय पहिल्या रांगेत.


शंकासुर | सोमवार, रात्री १०:०२

"आपोआप" हे मला पटत नाही. वरून वैश्विक किरण अखंड कोसळत असतात, त्यांच्यापासून न्यूट्रॉनही तयार होतात. त्यातला एखादा केंद्रकावर आदळत असेल आणि आपल्याला दिसत नसेल. कारणाशिवाय काही घडत नाही.


जुनी_पाने | सोमवार, रात्री १०:४०

शंकासुर, ही शंका ज्यांनी शोध लावला त्यांनाच आधी आली होती. त्याची गोष्ट सांगतो.

डिसेंबर १९३८ मध्ये हान आणि श्ट्रासमान यांना बर्लिनमध्ये युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर बेरियम सापडलं. माइटनर आणि फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला. १९३९ मध्ये बोर आणि व्हीलर यांनी द्रवाच्या थेंबासारखं केंद्रक मानून सिद्धांत मांडला. त्यातच, बाहेरून धक्का न लागता केंद्रक फुटू शकेल असंही गणित होतं, पण काळ येत होता १० चा २२ वा घात इतकी वर्षं. त्याच वर्षी अमेरिकेत लिबी यांनी असं विखंडन शोधायचा प्रयत्न केला. हाती काही लागलं नाही. त्यांना एवढंच सांगता आलं की अर्धायुष्य १ वर १४ शून्यं इतक्या वर्षांपेक्षा जास्त असणार.

इकडे लेनिनग्राडला कुर्चातोव्ह यांच्या हाताखाली फ्ल्योरोव्ह आणि पेत्रझाक हे दोन तरुण काम करत होते. त्यांनी एकावर एक पत्रे रचून, त्यांवर युरेनियमचा लेप देऊन एक आयनीकरण कक्ष (आत कण सुटला की विजेचा ठोका देणारं उपकरण) बनवला. खूप युरेनियम एकाच वेळी नजरेखाली राहावं म्हणून ही रचना. आता न्यूट्रॉनचा स्रोत लांब ठेवला, तरी अधूनमधून मोठे ठोके येतच राहिले. अल्फा कणाचा ठोका लहान असतो, विखंडनाचा प्रचंड मोठा, त्यामुळे गफलत व्हायचा प्रश्न नव्हता.

मग शंकासुरांचाच आक्षेप पुढे आला: वैश्विक किरण असतील तर? म्हणून सगळं उपकरण मॉस्कोला नेऊन तिथल्या मेट्रोच्या दिनामो स्थानकात, जमिनीखाली मांडलं. वैश्विक किरणांमुळे होत असतं तर वरच्या मातीच्या थराने ठोके एकदम कमी झाले असते. झाले नाहीत. १९४० मध्ये एक छोटं टिपण अमेरिकेच्या फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापून आलं.

त्या टिपणावर बाहेरून काहीच प्रतिक्रिया आली नाही. युद्ध सुरू झालं, फ्ल्योरोव्ह हवाई दलात गेले. १९४२ मध्ये व्होरोनेझच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिकं चाळताना त्यांच्या लक्षात आलं की विखंडनावर काम करणाऱ्या सगळ्या मोठ्या लोकांचे लेख एकाएकी थांबले आहेत. याचा अर्थ अमेरिकेत हे काम गुप्तपणे चाललं असणार, असं ओळखून त्यांनी थेट स्टालिनला पत्र लिहिलं.


चिकू_पुणे | सोमवार, रात्री १०:५८

मेट्रो स्थानकात प्रयोग! आमच्याकडे मेट्रोत सेल्फी काढतात.

अवांतर: वैश्विक किरण टाळायला जमिनीखाली जायचं काम आपल्याकडेही झालंय ना? कोलारच्या सोन्याच्या खाणीत?


जुनी_पाने | सोमवार, रात्री ११:१०

हो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी कोलारला खोल खाणीत प्रयोग करत. १९६५ मध्ये तिथे वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद झाली, जगातल्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. विषय वेगळा, पण युक्ती तीच: डोक्यावर दगड घ्यायचा आणि गोंगाट कमी करायचा.


शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:२०

दिनामोची गोष्ट झकास. वैश्विक किरणांचा मुद्दा सोडला. पण मूळ मुद्दा कायम आहे. हे केंद्रक आज फुटलं, शेजारचं अजून ४०० कोटी वर्षं फुटणार नाही. दोघं तंतोतंत सारखी. मग हेच का? आजच का?


अणूरेणू | मंगळवार, सकाळी ८:४५

शंकासुर, "आजच का" याचं उत्तर पुंजभौतिकीत नाही. आतमध्ये लपलेलं एखादं घड्याळ आहे आणि आपल्याला ते वाचता येत नाही, असंही नाही. प्रत्येक केंद्रकासाठी दर सेकंदाला फुटण्याची एक ठरावीक शक्यता असते आणि ती वयाने वाढत नाही. तापवा, गोठवा, दाबा, ती हलत नाही.

ही शक्यता ठरते कशी ते सांगतो. केंद्रकात दोन बळांची ओढाताण असते. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, तर केंद्रकीय बळ सगळ्यांना जवळ धरून ठेवतं. केंद्रक लांबुळकं होऊ लागलं की पृष्ठभाग वाढतो आणि त्यासाठी ऊर्जा लागते. लांबी आणखी वाढली की प्रोटॉनांच्या ढकलण्याची सरशी होते आणि दोन तुकडे सुटतात. पुरतं फुटलं तर सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मोकळी होते, म्हणजे फुटणं फायद्याचंच. पण मध्ये अडथळ्याचा डोंगर आहे, युरेनियम-प्लुटोनियमसाठी साधारण ६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच. बाहेरून न्यूट्रॉन आला तर ही ऊर्जा पुरवतो आणि केंद्रक डोंगर चढून जातं. उत्स्फूर्त विखंडनात चढायला ऊर्जाच नसते. बोरघाटात रस्त्याची गाडी वळणं घेत चढते आणि रेल्वे बोगद्यातून निघून जाते, तसं केंद्रक अडथळ्याच्या आरपार जातं. या आरपार जाण्याची शक्यता अडथळ्याच्या उंची-रुंदीवर घातांकी पद्धतीने अवलंबून असते. उंचीत अगदी थोडा फरक पडला तरी अर्धायुष्य हजारो-लाखो पट बदलतं.

रेणुकाताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. उरलेलं निम्मं लिहायला थोडा वेळ लागेल, संध्याकाळी येतो.


सोनकी | मंगळवार, सकाळी ९:३०

मला विज्ञानातलं फार कळत नाही, पण धागा आवडीने वाचते आहे. एक विचारू का? ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं असं ऐकलं आहे. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा आहे. मग त्यातही हे आपोआप फुटणं चालू असतं का?


कातळवाट | मंगळवार, सकाळी ११:०५

सोनकीताई, चांगला प्रश्न विचारलात. मी भूशास्त्रात काम करते, त्यामुळे हा माझ्या घरचाच विषय.

भूकवचात सरासरी टनाला ३ ग्रॅमच्या आसपास युरेनियम असतं. किलोभर युरेनियम २३८ मध्ये सेकंदाला साधारण ७ केंद्रकं आपोआप फुटतात. त्या हिशोबाने टनभर दगडात दर ५० सेकंदांना एक. तुमच्या ओट्याचा दगड १०० किलोचा आणि खरोखर ग्रॅनाइट असेल, तर दर आठेक मिनिटांनी एक केंद्रक फुटतं. पोळ्या लाटून होईपर्यंत तीन-चार. घाबरू नका, पृथ्वी जन्मल्यापासून प्रत्येक दगडात हे चालू आहे. शिवाय २० लाखांच्या आसपास अल्फा क्षय होतात तेव्हा कुठे एक विखंडन होतं.

ओटा काळाभोर असेल तर मात्र गणित बदलतं. बाजारात "काळा ग्रॅनाइट" म्हणून विकतात तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतो, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, आणि त्यात युरेनियम बरंच कमी असतं. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टचंही तसंच.

आता माझ्या खऱ्या आवडीचं. दगडातल्या एका स्फटिकात केंद्रक फुटलं की दोन जड तुकडे विरुद्ध दिशांना सुसाट सुटतात आणि वाटेतल्या अणूंची रचना विस्कटून टाकतात. ती विस्कटलेली रेघ कोट्यवधी वर्षं तशीच राहते. ॲपेटाइट नावाच्या खनिजाचे कण आम्ही दगड भरडून वेगळे काढतो. वाळूच्या बारीक कणाएवढे असतात ते. ते राळेत बसवून घासून चकचकीत करायचे आणि पातळ नायट्रिक आम्लात २० सेकंद बुडवायचे. जिथे रचना विस्कटली आहे तिथे आम्ल आधी शिरतं आणि रेघ रुंद होते. मग १००० पट मोठं करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की काचेवर केस पडावेत तशा रेघा दिसतात, मिलिमीटरच्या साधारण साठाव्या भागाएवढ्या लांब. त्यातली प्रत्येक रेघ म्हणजे एक केंद्रक.

रेघा मोजल्या आणि युरेनियम किती आहे ते कळलं की वय निघतं. युरेनियम मोजायचीही सुंदर युक्ती आहे. कणांवर अभ्रकाचा पापुद्रा चिकटवून अणुभट्टीत न्यूट्रॉन द्यायचे. तिथे २३५ फुटतो आणि त्याच्या रेघा अभ्रकावर उमटतात. दगडातल्या जुन्या रेघा मात्र सगळ्या २३८ च्या, कारण २३५ आपोआप फुटायचं प्रमाण हजार पटीहूनही कमी आहे.

आणि हे नुसतं वय नाही. ॲपेटाइट ११०-१२० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापला तर रेघा बुजून जातात. म्हणजे "वय" सांगतं की तो दगड तेवढ्या खोल गरम जागेतून वर येऊन थंड कधी झाला. हिमालय किती वेगाने वर आला आणि किती झिजला, याचे कितीतरी आकडे या रेघांतून मिळाले आहेत. पश्चिम किनाऱ्याच्या कड्याचा झिजण्याचा इतिहासही दक्षिणेकडच्या जुन्या खडकांतल्या ॲपेटाइटवरून काढला गेला आहे.


सोनकी | मंगळवार, दुपारी १२:१०

आमचा काळाच आहे! पण आता त्यावर पोळी लाटताना वेगळंच वाटणार. धन्यवाद ताई.


पालघरकर | मंगळवार, दुपारी ३:४०

निवृत्त माणूस आहे, नोकरीत आयुष्यभर न्यूट्रॉन मोजले. रेणुकाताईंनी विचारलेला २३९-२४० चा फरक आमच्या कामाचा पायाच होता, म्हणून लिहितो.

समजा बंद डबा आहे, आत प्लुटोनियम ऑक्साइड आहे. डबा न उघडता आत किती प्लुटोनियम आहे ते सांगायचं. कसं सांगाल? २४० आपोआप फुटतो तेव्हा एकाच क्षणी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनवर अल्फा कण आदळूनही न्यूट्रॉन निघतात, पण ते एकेकटे. म्हणून डब्याभोवती पॉलिथिनच्या जाड भिंतीत हेलियम-३ च्या नळ्या बसवायच्या आणि काही दशक मायक्रोसेकंदांच्या आत जोडीने आलेले न्यूट्रॉन तेवढे वेगळे मोजायचे. जोडीने आले म्हणजे विखंडनाचे.

गंमत बघा, ज्याचा हिशोब ठेवायचा तो २३९ या मोजणीत जवळजवळ दिसतच नाही. किलोभर २३९ सेकंदाला वीस-बावीस न्यूट्रॉन देतो, तर एकटा ग्रॅमभर २४० हजार! दिसतात ते सम आकड्यांचे: २३८, २४०, २४२. मग गॅमा किरणांच्या वर्णपटावरून समस्थानिकांचं प्रमाण काढायचं आणि २४० वरून एकूण प्लुटोनियम गाठायचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक जगभर याच तत्त्वाची यंत्रं वापरतात.

इंधन भट्टीत जितकं जास्त जळेल तितकं २४० चं प्रमाण वाढतं, कारण २३९ ने न्यूट्रॉन गिळला आणि फुटला नाही की झाला २४०.


जुनी_पाने | मंगळवार, दुपारी ४:२५

पालघरकर काकांचं शेवटचं वाक्य म्हणजे लॉस अलामॉसची, अमेरिकेच्या अणुबाँब प्रयोगशाळेची, १९४४ ची सगळी धावपळ.

प्लुटोनियमचा बाँब तेव्हा तोफेच्या पद्धतीने करायचा बेत होता: नळीतून एक तुकडा दुसऱ्यावर झाडायचा. युरेनियम २३५ साठी ते चाललं असतं आणि हिरोशिमाला ते तसंच वापरलं गेलं. प्लुटोनियमचे सुरुवातीचे नमुने सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) बनवलेले, सूक्ष्म प्रमाणातले होते. त्यांत २४० नगण्य होता. १९४४ च्या वसंतात ओक रिजच्या भट्टीत बनलेलं प्लुटोनियम आलं. एमिलियो सेग्रे यांचा गट पाहारितो खोऱ्यातल्या एका लाकडी खोपटात, बाकीच्या प्रयोगशाळेच्या गोंगाटापासून लांब, उत्स्फूर्त विखंडनं मोजत होता. नव्या नमुन्यात ठोके खूपच जास्त निघाले. भट्टीत न्यूट्रॉनांचा मारा जास्त, म्हणून २४० जास्त.

तोफेतला तुकडा कितीही वेगाने गेला तरी पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात २४० चा एखादा न्यूट्रॉन विखंडनांची साखळी आधीच पेटवून देणार. मग सगळं फुसकं. जुलै १९४४ मध्ये प्लुटोनियमची तोफ रद्द झाली आणि प्रयोगशाळेची मांडणी बदलून सगळी ताकद प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी आत दाबण्याच्या पद्धतीमागे लागली. १६ जुलै १९४५ ला चाचणी झाली, ९ ऑगस्टला नागासाकी.

मला यात एक गोष्ट अस्वस्थ करते. दोन तरुणांनी मेट्रो स्थानकात मोजलेले ते विरळ ठोके, शुद्ध कुतूहलापोटी मोजलेले. चार वर्षांत तेच ठोके कुठे जाऊन पोचले.


मैत्रेयी | मंगळवार, संध्याकाळी ५:००

जुनी_पाने, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. नागासाकीचं संग्रहालय पाहून आले आहे, त्यानंतर हे आकडे नुसते आकडे राहत नाहीत.


चुनखडी | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

वातावरण जड झालंय, म्हणून रोजच्या कामातलं एक सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटच्या कारखान्यात आहे. क्रशरमधून निघालेली चुनखडी बेल्टवरून जाते, त्या बेल्टवर आमचा ॲनालायझर आहे. त्याच्या पोटात कॅलिफोर्नियम २५२. अर्धायुष्य २.६५ वर्षं, आणि दर १०० क्षयांत ३ विखंडनं. म्हणजे एका मायक्रोग्रॅममधून सेकंदाला २३ लाख न्यूट्रॉन! दिसणारही नाही एवढा कण.

न्यूट्रॉन दगडात शिरतात, कॅल्शियम, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह यांची केंद्रकं ते गिळतात आणि आपापले गॅमा किरण सोडतात. त्यावरून मिनिटामिनिटाला कळतं की चुना किती, माती किती. आधी नमुना उचलून प्रयोगशाळेत न्यायचा, निकाल येईपर्यंत तेवढा माल ढिगावर पडून गेलेला असायचा. आता हातोहात मिश्रण बदलता येतं आणि किल्न शांत चालतो.

त्रास एकच. सोर्स झिजत जातो, अडीच-तीन वर्षांत निम्मा. मग नवा मागवा, अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, कागदपत्रं. जगात हा बनवणारी ठिकाणंही मोजकी, मुख्य म्हणजे अमेरिकेतलं ओक रिज आणि रशियातलं दिमित्रोव्हग्राड. आता काही कारखाने विजेवर चालणारे न्यूट्रॉन जनित्र घेतात. मला मात्र हा सोर्सच भरवशाचा वाटतो, त्याला वीज जायची भीती नाही.


योकोहामाकर | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

काका, तुमच्या जोडीच्या न्यूट्रॉनांवरून आठवलं. नोव्हेंबर २०११ मध्ये इथे एक दिवस फार ताणात गेला. फुकुशिमाच्या दुसऱ्या भट्टीच्या वायूत झेनॉन १३३ आणि १३५ सापडल्याची बातमी आली. १३५ चं अर्धायुष्य नऊ तासांचं. मार्चमध्ये बंद पडलेल्या भट्टीतला तो नोव्हेंबरपर्यंत उरणं शक्यच नाही. याचा अर्थ आत आत्ता विखंडन होतंय. वितळलेल्या इंधनात साखळी पुन्हा पेटली की काय, म्हणून न्यूट्रॉन शोषणारं बोरिक आम्लही सोडलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीने सांगितलं की हे क्युरियम २४२ आणि २४४ च्या उत्स्फूर्त विखंडनातून आलं असावं. साखळी पेटली असती तर झेनॉन कितीतरी जास्त मिळाला असता. मी तेव्हा पहिल्यांदा "उत्स्फूर्त विखंडन" हे शब्द टीव्हीवर ऐकले. ऑफिसात कोणी कामच करत नव्हतं, सगळे बातम्या बघत उभे.


शंकासुर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

कंपनी असं म्हणणारच. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात?


पालघरकर | मंगळवार, रात्री ८:१०

शंकासुर, इथे कंपनीच्या शब्दावर अवलंबून राहायची गरज नाही, आकडा तपासता येतो. ग्रॅमभर क्युरियम २४४ सेकंदाला एक कोटीहून जास्त न्यूट्रॉन सोडतो, २४२ त्याच्या जवळपास दुप्पट. वापरलेल्या इंधनातून येणारे बरेचसे न्यूट्रॉन क्युरियमचेच असतात. त्यामुळे झेनॉन थोडाथोडा सतत मिळणारच, न मिळता तरच नवल. साखळी पेटली की प्रमाण काही पटींनी नव्हे, कित्येक घातांनी चढतं. प्रमाणावरून निवाडा करणं बरोबरच होतं. बोरॉन सोडलं तेही बरोबर, आधी काळजी, मग हिशोब.


रेणुका_ठाणे | मंगळवार, रात्री ८:४५

वा, केवढं मिळालं! सिमेंटचं आणि ॲपेटाइटचं उदाहरण उद्याच वर्गात सांगणार. पण मंडळी, माझा न्यूट्रॉन अजून तिथेच अडकून पडलाय. अणूरेणू, संध्याकाळ उलटली.


अणूरेणू | मंगळवार, रात्री १०:२०

आलो. आता उरलेलं निम्मं.

थेंबाच्या प्रारूपात केंद्रक एकजिनसी आहे, त्यात न्यूट्रॉन सम की विषम याला काहीच अर्थ नाही. म्हणून ताईंचं गुणोत्तर काही सांगत नाही. प्रत्यक्षात केंद्रकात पातळ्या असतात आणि न्यूट्रॉन त्यांत जोडीजोडीने बसतात, एकाची गिरकी एका बाजूला तर दुसऱ्याची विरुद्ध. प्लुटोनियम २४० मध्ये १४६ न्यूट्रॉन, सगळे जोडीत. एकूण गिरकी शून्य. २३९ मध्ये १४५, एक एकटा.

आता केंद्रक लांबुळकं होऊ लागलं की पातळ्या सरकतात. काही खाली येतात, काही वर जातात, एकमेकींना ओलांडतात. जोडी असेल तर ती वर जाणारी पातळी सोडून खाली आलेल्या पातळीत सहज उतरते. जोडीची एकूण गिरकी शून्य, त्यामुळे तिला अडवणारा नियम नाही. २४० ताणला जाताना प्रत्येक टप्प्यावर सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी गाठत जातो.

एकट्या न्यूट्रॉनला ही मोकळीक नाही. केंद्रकाच्या अक्षावरचा त्याच्या कोनीय संवेगाचा घटक ताणतानाही तोच राहावा लागतो, म्हणून त्याला त्याच जातीच्या पातळीत अडकून राहावं लागतं, मग ती वर का जाईना. तेवढी जादा ऊर्जा अडथळ्याच्या उंचीत मिळवली जाते. शिवाय एकट्यामुळे बाकीच्यांचं जोड्या जुळवणंही थोडं मंदावतं आणि केंद्रक ताणायला जणू जास्त जड होतं. अडथळ्यात ही भर लहानच असते, पण सकाळी लिहिलं तसं शक्यता घातांकी आहे. सत्तर हजार पट तिथून येतात.

अल्फा क्षयात केंद्रक असं ताणलं जात नाही, म्हणून तिथे एकट्या न्यूट्रॉनचा एवढा जाच होत नाही आणि फरक चौपटीवरच राहतो.

ताई, मुलांना दाखवायला प्लुटोनियमपेक्षा फर्मियम घ्या. विखंडनाचंच अर्धायुष्य बघा. २५६: तीन तासांपेक्षा थोडं कमी. २५७, विषम: सुमारे १३० वर्षं. २५८: ०.३७ मिलिसेकंद. तीन शेजारी!

२५६ वरून २५८ ला एवढी घसरण का, त्याला आणखी एक कारण आहे. कथिल १३२ मध्ये ५० प्रोटॉन आणि ८२ न्यूट्रॉन असतात, दोन्ही संख्या फार पक्क्या. युरेनियम फुटतो तेव्हा तुकडे असमान होतात, एक १४० च्या आसपास, दुसरा ९५-१०० चा. फर्मियम २५८ मात्र जवळपास बरोब्बर निम्मा होतो आणि दोन्ही तुकडे कथिल १३२ च्या जवळ जातात. त्या वाटेने अडथळाच आखूड होतो.


कातळवाट | मंगळवार, रात्री १०:४५

फार सुरेख. म्हणजे माझ्या ॲपेटाइटमध्ये २३५ च्या रेघा का नसतात, त्याचंही उत्तर हेच: १४३ न्यूट्रॉन, एक एकटा.


अणूरेणू | मंगळवार, रात्री १०:५२

अगदी. २३५ चं विखंडनाचं अर्धायुष्य १ वर १९ शून्यं, २३८ चं ८ वर १५ शून्यं.


चिकू_पुणे | मंगळवार, रात्री ११:०५

म्हणजे एकटा राहिलेला जास्त टिकतो. लग्नाळू मंडळींनी नोंद घ्यावी.


रेणुका_ठाणे | बुधवार, सकाळी ६:५०

अणूरेणू, मनापासून आभार. आता चित्र स्वच्छ झालं. फर्मियमचा तक्ता फळ्यावर लिहिणारच आहे, पण एक हुशार मुलगी नक्की विचारेल म्हणून आधीच विचारते. फर्मियम २५९ चं अर्धायुष्य दीड सेकंद दिसतंय. तोही विषम. मग २५७ सारखा वर्षानुवर्षं का टिकत नाही?


अणूरेणू | बुधवार, सकाळी ७:३५

तुलना २५७ शी करू नका, शेजारच्या २५८ शी करा. निम्मं होण्याची ती आखूड वाट २५८ ला उघडली, तशी २५९ लाही उघडी आहे, त्यामुळे दोघांचीही वर्षं गेली. पण त्या आखूड वाटेवरही एकटा न्यूट्रॉन अडवतोच. ०.३७ मिलिसेकंद आणि १.५ सेकंद, भागाकार करून बघा: ४००० पट.